वजनांचा व्यायाम: वॉर्म-अप आणि स्ट्रेचिंगविषयीचे गैरसमज

वॉर्म-अप आणि स्ट्रेचिंग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जिममध्ये दोन्हींची नावे एका दमात घेतली जातात आणि बहुतेक गैरसमज या सरमिसळीतून तयार होतात. वॉर्म-अप म्हणजे हालचाल करून स्नायू तापवणे. स्ट्रेचिंग म्हणजे स्नायू लांबवून त्याला ताण देणे. वाकून पायाचे अंगठे धरले आणि तीस सेकंद तसेच राहिले, तर मांडीच्या मागचा स्नायू ताणला जातो, पण तापत नाही. उष्णता तयार होते ती स्नायूच्या कामातून आणि स्थिर ताणात त्याला फारसे काम पडत नाही.

तापमानाचे महत्त्व जुन्या प्रयोगांतून दिसले आहे. डेन्मार्कमधील एरलिंग आस्मुसेन आणि ओव्हे बॉये यांनी १९४५ साली स्नायूंचे तापमान आणि काम करण्याची क्षमता यांचा संबंध दाखवून दिला. तापलेल्या स्नायूला मज्जातंतूंचे संदेश लवकर पोचतात, रक्तातला ऑक्सिजन सहज मिळतो आणि आकुंचनाचा वेग वाढतो. मध्यम गतीच्या हालचालीने हे तापमान पहिल्या तीन ते पाच मिनिटांत झपाट्याने चढते आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावते. त्यापुढे ट्रेडमिलवर घाम गाळत राहिल्याने वजन उचलण्याची जास्त तयारी होत नाही, उलट थकवा येतो. बेंच प्रेस करायची असेल तर नुसत्या धावण्याचा उपयोग तसाही मर्यादित. पाय तयार होतात, खांदे आणि कोपरे मात्र होती तशीच राहतात.

म्हणून जो व्यायाम करायचा, तोच हलक्या वजनाने करणे हा वॉर्म-अपचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो. समजा, १०० किलोचे स्क्वॉट करायचे आहेत. पाच मिनिटे सायकल किंवा भरभर चालणे झाल्यावर रिकामा बार, म्हणजे २० किलो, घेऊन आठ-दहा वेळा बसायचे. मग ५० किलोला पाच, ७० किलोला तीन आणि ८५ ते ९० किलोला एकच. वजन चढत जाते तशा आवृत्त्या कमी होतात, कारण या सेटनी दमायचे नसते. नेमकी इथेच गफलत होते. प्रत्येक सेटला बारा-पंधरा आवृत्त्या मारून अनेकजण मुख्य सेट येईपर्यंत अर्धे संपलेले असतात. हाताला वजनाचा अंदाज येणे, पाऊल कुठे ठेवायचे ते पक्के होणे, कंबर किंवा गुडघा आज कुरकुरतो आहे का ते कळणे, हे सगळे या हलक्या सेटमध्येच होते. तालमीत कुस्तीआधी हौद्यातली माती फावड्याने उकरण्याची रीत आहे. माती मऊ होते आणि उकरणाऱ्याचे अंगही तापते. आधुनिक वॉर्म-अपमध्ये नवे म्हणावे असे फार थोडे आहे.

आधी स्ट्रेचिंग केले की इजा होत नाही, हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. ऑस्ट्रेलियन सैन्यातील १,५३८ नव्याने भरती झालेल्या जवानांवर बारा आठवडे केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एका गटाने व्यायामापूर्वी पायांच्या स्नायूंचे स्थिर स्ट्रेचिंग केले, दुसऱ्याने केले नाही. पायांच्या दुखापतींचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. हे सैनिक वजने उचलत नव्हते, हे खरे. पण वजनांच्या व्यायामात इजा बहुधा होते ती एकदम जास्त वजन चढवल्याने, थकव्यात ढब बिघडल्याने किंवा आधीचे दुखणे अंगावर काढल्याने. यातले एकही कारण तीस सेकंदांच्या ताणाने दूर होण्यासारखे नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या विश्लेषणातही स्ट्रेचिंगने खेळातील दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. ताकदीच्या व्यायामाने मात्र त्या एक तृतीयांशाहूनही खाली आल्या.

असे निष्कर्ष पसरू लागले तसा उलट टोकाचा समजही पसरला: वजनांआधी स्ट्रेचिंग केले की ताकद जाते. यात थोडे तथ्य आहे, पण ते फुगवून सांगितले जाते. डेव्हिड बेम आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या आढाव्यानुसार एकाच स्नायूला एकूण ६० सेकंद किंवा अधिक ताण दिला, तर लगेचच्या कामगिरीत सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास घट होते. त्याहून कमी ताणात ती एक टक्क्याच्या आसपासच राहते. मध्ये पाच-दहा मिनिटांची हालचाल आणि हलके सेट झाले, तर उरलासुरला फरकही जवळपास पुसला जातो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत शेवटच्या अडीच किलोंसाठी झुंजणाऱ्याने याचा विचार जरूर करावा. ऑफिस सुटल्यावर जिमला येणाऱ्याचे घोटे आखडलेले असतील आणि वीस सेकंदांच्या ताणाने तो खोल बसू शकत असेल, तर त्याला अडवण्याचे कारण नाही. पाय पुढे-मागे झुलवणे, हात गोल फिरवणे, वजनाशिवाय बैठका मारणे अशा हालत्या स्ट्रेचिंगला तर ही मर्यादाही लागू होत नाही.

व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक ॲसिड साचल्याने आणि स्ट्रेचिंगने ते निघून जाते, हे वाक्य ट्रेनरांच्याही तोंडी असते. प्रत्यक्षात रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीवर येते. दुखणे शिगेला पोचते ते २४ ते ७२ तासांनी. स्नायूतंतूंच्या सूक्ष्म झिजेशी या दुखण्याचा संबंध असावा, हे थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच सुचवले होते. सवय नसलेल्या स्नायूने वजन सावकाश खाली आणताना ही झीज विशेष होते, म्हणून स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी जिना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात १२ अभ्यास तपासले गेले. स्ट्रेचिंग आधी करा किंवा नंतर, दुखणे १०० गुणांच्या मापावर जेमतेम एखाद-दोन गुणांनी कमी झाले. सर्वांत मोठ्या अभ्यासातही फरक चार गुणांचाच होता. या दुखण्यावर खरा उतारा सवयीचा आहे. तोच व्यायाम आठवड्याने पुन्हा केला की दुखणे ठळकपणे कमी होते.

वजनांनी अंग आखडते, हा समज ऑलिंपिक वेटलिफ्टिंग पाहिले तरी टिकत नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या मीराबाई चानूने स्नॅचमध्ये ८७ किलो डोक्यावर तोलले. ही उचल करताना खोल बैठकीत घोटा, खुबा आणि खांदा हे तिन्ही मोकळे असावेच लागतात. २०२१ च्याच एका विश्लेषणात ताकदीच्या व्यायामाने आणि स्ट्रेचिंगने सांध्यांची हालचाल जवळपास सारखीच वाढल्याचे आढळले. आखडलेपण वाढू शकते ते अर्धवट हालचालीने, म्हणजे पाव बैठक मारून उठल्याने किंवा बार छातीपर्यंत न आणता वर ढकलल्याने.

मग स्ट्रेचिंग कशासाठी? लवचीकता हवी असेल तर. त्यासाठी वजनांनंतरची किंवा अगदी वेगळी वेळही चालते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारस आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस आणि प्रत्येक स्नायूला एकूण ६० सेकंदांची आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत दिसणारा फरक बराचसा ताण सहन करण्याची क्षमता वाढल्याने असतो. स्नायूची लांबी तेवढ्यात फारशी बदललेली नसते. पायांच्या जड सेटनंतर चक्कर येऊ नये म्हणूनही स्ट्रेचिंग लागत नाही. एकदम बसून न जाता दोन-चार मिनिटे चालत राहिले तरी पायांत उतरलेले रक्त परत वर येते.

उचलताना कट्कन आवाज होऊन किंवा चमक भरून एखादा स्नायू दुखू लागला, तर तो ताणून मोकळा करण्याचा मोह होतो. तंतू फाटले असतील तर त्या क्षणीचा ताण इजा वाढवतो. अशा वेळी व्यायाम थांबवावा. सूज किंवा काळेनिळेपणा आला, अथवा त्या अंगावर भार देता येईना, तर डॉक्टरांना दाखवावे.