दाताच्या फिल्मवर हाडांची खूण

पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचेच दात असतील, तर संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायलाच हवा. हिरडीखाली जादा दातांची दाटी दिसली, की सदऱ्याचं वरचं बटण सोडून मुलाची हासळी चाचपावी. क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया या हाडांच्या जनुकीय आजारात ती अर्धवट असते किंवा नसतेच. काही मुलं दोन्ही खांदे छातीपुढे जवळजवळ जुळवू शकतात.

हायपोफॉस्फटेसिया या हाडांच्या दुसऱ्या जनुकीय आजारात नेमकं उलटं. पाचव्या वर्षाआधीच दात गळतो आणि आईच्या तळहातावरच्या त्या इवल्या दाताला लांब मूळ तसंच असतं. एरवी मूळ झिजल्यावरच दुधाचा दात पडतो. अशा वेळी रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज तपासावं. या आजारात ते कमी असतं. पण मुलांमध्ये त्याचं प्रमाण मुळात मोठ्यांपेक्षा जास्त, म्हणून आकडा वयाच्या तक्त्याशीच ताडावा. मुडदूस समजून ड जीवनसत्त्वाचा मारा केला तर अपाय होऊ शकतो.

फिल्मवरून संशय येतो, निदान जनुक चाचणीने पक्कं होतं. अशा आजारांसाठी २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखालच्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. तिथे जाताना ओपीजी आणि पडलेला दात, दोन्ही सोबत न्या.