घरात करमणे

करमणूक म्हटली की खेळ, नाटक, सिनेमा, गाणे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु हा शब्द ज्या क्रियापदापासून आला, त्या 'करमणे'चा अर्थ याहून खोल आहे. सासरी नव्याने आलेल्या मुलीस करमत नाही, वसतिगृहात राहावयास गेलेल्या मुलास करमत नाही, असे आपण म्हणतो, तेव्हा तेथे खेळ-तमाशे नाहीत अशी आपली तक्रार नसते. तेथे जीव रुळत नाही, एवढेच आपणांस सांगावयाचे असते. म्हणजे वेळ जाणे निराळे आणि करमणे निराळे. हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे २०२० सालच्या टाळेबंदीत घरोघर जे घडले त्याचा पुष्कळसा उलगडा होतो.

टाळेबंदी हा शब्द तोवर आपण गिरण्या-कारखान्यांपुरता वापरीत होतो. मालक दाराला टाळे लावी आणि कामगार बाहेर राही. २०२० साली त्याचा अर्थ उलटा झाला. माणसे आत राहिली. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, २५ मार्चपासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी आली आणि मुदतीमागून मुदत वाढत ती ३१ मेपर्यंत चालली. तिचा पहिला दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. गुढ्या उभारल्या गेल्या, पण शोभायात्रा निघाल्या नाहीत. आणि थोड्याच दिवसांत, ज्या घरासाठी वर्षानुवर्षे हप्ते भरले त्याच घरात करमत नाही, असे लोक म्हणू लागले.

असे का व्हावे? आमच्या मते याचे कारण असे की, आपण करमणूक हळूहळू घराबाहेर नेऊन ठेवली होती. नाट्यगृह, चित्रपटगृह, बाग, कट्टा ही तिची ठिकाणे झाली आणि घराकडे जेवणे-निजणे तेवढे उरले. फोनचा पडदा उघडा होता, हे खरे. दूरगावच्या नातवंडाचे तोंड त्याने दाखविले, हा त्याचा उपकारही मोठा. परंतु एका खोलीत चार माणसे चार पडद्यांत डोके घालून बसली, तर वेळ जातो. घर मात्र वसतिगृहासारखेच राहते.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' मालिका पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. ती मूळची १९८७-८८ सालची. कथा सर्वांस पाठ, चित्रणही जुने. तरी घरेच्या घरे तिच्यापुढे बसली. तिची वेळ ठरलेली होती, ती सर्वांनी मिळून पाहावयाची होती, आणि आजचा भाग संपला की उद्याच्या भागाची वाट पाहावयाची होती. ठरलेली वेळ, सोबत आणि उद्याची ओढ या तीन गोष्टींवरच करमणे उभे असते.

हे मर्म नवे नाही. १३४८ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात प्लेगने हाहाकार केला. त्या पार्श्वभूमीवर बोकाचिओ या लेखकाने 'डेकॅमेरॉन' हा कथासंग्रह रचला. त्यात सात तरुणी व तीन तरुण शहराबाहेरच्या वाड्यात जाऊन राहतात. रोज एकजण त्या मंडळींचा प्रमुख होतो आणि प्रत्येकाने एक गोष्ट सांगावयाची असते. शुक्रवारी व शनिवारी सुट्टी. अशा दहा दिवसांत शंभर गोष्टी होतात. पहिल्याच दिवशी नोकरांना ताकीद मिळते की, बाहेरची बातमी सुखाची असेल तरच आत आणावी. रोज आकडे ऐकून धास्तावलेल्या २०२० सालच्या माणसास या ताकिदीचे मोल सांगावे लागत नाही.

आपल्याकडे साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तेथे कोंडलेल्या माणसाने कोठला आधार शोधला? आईच्या आठवणींचा, आणि त्या मांडल्या कशा, तर रात्रीमागून रात्री सोबत्यांना सांगितलेल्या गोष्टींच्या रूपाने. सांगणारा एक आणि ऐकणारे चार असले की बंद जागेतही जीव रमतो.

परंतु येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बोकाचिओच्या मंडळींपाशी वाडा होता, नोकर होते. मुंबईच्या चाळीत एका खोलीत सातआठ माणसांनी कोठला दरबार भरवावा? ज्यांचा रोजगार बुडाला, त्यांना गोष्टी कसल्या सुचणार? ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. घरी करमण्याचा प्रश्न पडणे हेसुद्धा एक भाग्यच होते, हे या प्रसंगाने कायमचे सांगून ठेवले आहे.

आणि घर होते तेथेही भार सारखा नव्हता. सर्वांच्या विरंगुळ्यासाठी रोज नवा पदार्थ हवा, तो करणारी बहुधा एकच. मोलकरीण येत नव्हती, माणसे दिवसभर घरात, भांड्यांचा ढीग तिप्पट. कॅरमचा डाव रंगला असताना एकजण ओट्यापाशी उभीच असेल, तर ती घराची करमणूक नव्हे. ज्या घरांत मुलगा केर काढावयास आणि वडील कणीक मळावयास शिकले, तेथे काम वाटले गेले आणि सर्वांना एकत्र बसावयास वेळ झाला. म्हणून आम्ही म्हणतो की, घरातील सुखाचा आरंभ खेळापासून नव्हे, कामाच्या वाटणीपासून होतो.

टाळे निघाले आणि आपण पुन्हा बाहेर पडलो, हे योग्यच झाले. पण आजारपण, म्हातारपण, पावसाची झड या लहान टाळेबंद्या प्रत्येक घरास केव्हा ना केव्हा येतातच. त्या वेळी उपयोगी पडणारी सवय आधी लागलेली असावी लागते. दिवसातून एक घटका फोन बाजूला ठेवून, सर्वांचे हात मोकळे करून, घरातील वडीलधाऱ्यांना एखादी जुनी हकीकत विचारावी. ती अपुरी राहिली तर उत्तमच. उद्या बसावयास निमित्त झाले.