आजार एक, घरे दोन

मंडळी, आजार गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे आपण म्हणतो. हे खरे आहे काय? पाहू या.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर निघतात. कोणी भिवंडीला, कोणी कल्याणकडे. पावसाळ्यात घरात दाणा नव्हता, म्हणून उचल घेतलेली असते. ती फेडायला सगळे घर जाते. पोरंबाळंही बरोबर.

आता असे धरा. भट्टीवर एका पोराला ताप-खोकला झाला. त्याच दिवशी मालकाच्या पोरालाही झाला. मालकाचे पोर तासाभरात डॉक्टरकडे गेले. कातकरी बाप म्हणाला, "आज खाडा केला तर मजुरी बुडेल. उद्या बघू." उद्याचा परवा झाला. पोर आधीच अशक्त. खोपटात धूर, पोटात नुसता भात. गावात लस टोचायला नर्सबाई आल्या, तेव्हा हे भट्टीवर. मालकाचे पोर चार दिवसांत खेळू लागले. दुसरे महिनाभर उठले नाही. औषधपाण्यासाठी बापाने पुन्हा उचल घेतली.

गरिबीने आजार येतो. आजाराने गरिबी वाढते. हे रहाटगाडगे आहे, नशीब नव्हे.

लंडनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. तिथे कोणी उपाशी नव्हते. तरी खालच्या हुद्द्याचे नोकर साहेबांपेक्षा लवकर मरतात, असे दिसले. म्हणजे भूक तर मारतेच; पण माणसामाणसांतले अंतरही आयुष्य कमी करते.

मग आपण काय करावे? भट्टीवर जाताना रेशनकार्ड आणि लसीचे कार्ड बरोबर न्या. रेशन आता दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळते. लस कोणत्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. नवव्या महिन्याची गोवराची लस चुकवू नका. पोराला धाप लागली तर उद्यावर टाकू नका. १०८ नंबर फिरवा, गाडी फुकट येते.

आणि उचलीचा हिशेब आपल्या वहीत लिहा. किती घेतले, किती फिटले, तारखेसह. कर्जापायी माणसाला कामावर डांबून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता तुम्हांला वाचता येते. मालकाची वही आधी वाचा. पटली तरच सही करा. अंगठ्याचे दिवस गेले!