पत्रिकेतला मंगळ आणि अंगातलं वारं

वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या दुसऱ्या अध्यायात चांगला ज्योतिषी कसा असावा हे सांगितलं आहे. काळ सहाव्या शतकाचा, जागा उज्जयिनीच्या आसपासची. गणित यावं, सिद्धांतग्रंथ अवगत असावेत, ग्रहणाची वेळ आधी सांगता यावी, अशा अपेक्षांची ती लांबलचक यादी आहे. त्याच अध्यायात तो एक ताकीदही देतो. कपटाने, अंगात आवेश आणून, लपवाछपवी करून किंवा कानावर पडलेल्या गोष्टींवरून जो भविष्य सांगतो, त्याला विचारायला जाऊ नये. तो दैवज्ञच नव्हे. म्हणजे गणित मांडून भविष्य सांगणारा एकीकडे आणि ‘मला दिसतंय’ म्हणणारा दुसरीकडे, ही रेषा दीड हजार वर्षांपूर्वी एका ज्योतिषानेच आखून ठेवली आहे.

जवळजवळ तशीच रेषा महाराष्ट्राने २०१३ साली कायद्यात आखली. २० ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. आपल्यात अतींद्रिय शक्ती आहे किंवा अंगात शक्ती संचारली आहे असं भासवून दुसऱ्याच्या मनात भीती घालणं, सांगितलेलं ऐकलं नाही तर वाईट होईल असं धमकावणं, हा त्यात गुन्हा आहे. हा कायदा ज्या गोष्टींना लागू नाही त्यांच्या यादीत मात्र वास्तुशास्त्राचा सल्ला आहे, जोशी-ज्योतिषी आहेत, नंदीबैलवालेही आहेत. वराहमिहिराची रेषा विद्येवर आखलेली होती, कायद्याची भीतीवर आहे. माझ्या मते या दोन रेषांमध्ये जी फट राहिली आहे, तिथेच आज माणसं नाडली जातात.

कारण आपल्याकडे एकच घर दोन्हीकडे जातं. मुलीचं लग्न जमत नाही, सुनेला दिवस राहत नाहीत, दुकान बसलं. आधी पत्रिका दाखवली जाते. साडेसाती चालू आहे, गुरू बदलला की मार्ग निघेल, असं सांगितलं जातं. वर्ष जातं. मग घरातली एखादी वडीलधारी बाई आवाज खाली आणून म्हणते, “पत्रिकेत काही निघत नाही ना? मग एकदा बाहेरचं बघून घ्या.” ‘बाहेरचं’ म्हणजे काय हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

पत्रिकेचं बळ असं की ती कागदावर असते. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, नवमांश साधारण तेरा मिनिटांनी. म्हणून मुरलेला ज्योतिषी आधी वेळेवर अडून बसतो. दवाखान्यातल्या घड्याळात सव्वापाच होते आणि वडिलांच्या मनगटावर पाच वीस, मग खरं कुठलं? नर्सने लिहिलेली वेळ बाळ बाहेर आल्याची की नाळ कापल्याची? मग पंचांग उघडतं, चंद्राचं नक्षत्र निघतं, त्यावरून विंशोत्तरी दशेची १२० वर्षं मांडली जातात: शुक्राची २०, शनीची १९, राहूची १८, रवीची अवघी ६. हे सगळं नियमाने होतं. जातकाला तो कागद घेऊन दुसऱ्या ज्योतिषाकडे जाता येतं आणि तीच आकडेमोड पुन्हा करून घेता येते. अंगात आलेल्याच्या बोलण्याची अशी फेरतपासणी होत नाही.

पण फेरतपासणी झाली की भेगाही दिसतात. संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. त्यामुळे निरयन राशिचक्राचा आरंभ आकाशात नेमका कुठे धरायचा, म्हणजेच अयनांश किती मानायचा, यावर महाराष्ट्रात जोरदार वाद झाले. लोकमान्यांच्या नावाने चालणारं टिळक पंचांग रेवती नक्षत्रातला झीटा पिशियम तारा प्रमाण मानतं. घरोघरी असलेलं सोलापूरचं दाते पंचांग चित्रा पक्षाचं, म्हणजे चित्रा तारा प्रमाण मानणारं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीनेही चित्रा पक्षच स्वीकारला. या दोन पक्षांत अंतर जवळजवळ चार अंशांचं आहे, आणि एक नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं असतं. म्हणजे दर दहा माणसांत साधारण तिघांचं जन्मनक्षत्र पंचांग बदललं की बदलतं. एका पंचांगात रोहिणीच्या चौथ्या चरणात जन्मलेलं मूल दुसऱ्यात मृगाचं होतं. त्याची सुरुवातीची महादशा चंद्राऐवजी मंगळाची होते आणि लग्नाच्या वेळी जुळायचे ३६ गुणही वेगळे लागतात.

हे मी नात्यातच पाहिलं आहे. एका मावसबहिणीच्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ होता, राशीच्या अगदी शेवटच्या अंशांत. कडक मंगळ म्हणून तीन-चार स्थळं परत गेली. पुढच्या स्थळाकडचे लोक टिळक पंचांग मानणारे होते. त्यांनी आपल्या पद्धतीने कुंडली मांडली, तेव्हा मंगळ सरकून नवव्या घरात गेला आणि प्रश्नच मिटला. लग्न झालं. आधीच्या दोन वर्षांत तिने घरात ज्या नजरा सोसल्या त्यांचा हिशेब कुठल्याच पंचांगात नव्हता.

मंगळाचा हिशेब तर हातावर करता येण्यासारखा आहे. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं या घरांत मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारा घरांपैकी पाच. मंगळ सगळ्या घरांत सारखाच वाटला गेला असं धरलं, तर शंभरातली चाळीसहून जास्त माणसं मंगळाची ठरतात. एवढ्या लोकांची लग्नं थांबवणं कुठल्याच समाजाला परवडणारं नाही, म्हणून परिहारांचे नियमही तितकेच भरपूर आहेत. दोष आणि परिहार दोन्ही त्याच शास्त्रात असल्यामुळे निकाल शेवटी सांगणाऱ्याच्या मनावर राहतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली वैदिक ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं. वैज्ञानिक न्यायालयात गेले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. फलज्योतिष खरं की खोटं, हे कोर्टात ठरण्यासारखं नव्हतंच. ते ठरवायचा प्रामाणिक प्रयत्न पुण्यात झाला, आणि त्याबद्दल मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

२००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी मांडली. घाटपांडे एके काळी स्वतः ज्योतिष शिकलेले आणि पुढे चिकित्सेकडे वळलेले. ‘ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी’ हे पुस्तक त्यांचंच. कार्यकर्त्यांनी शंभर हुशार विद्यार्थ्यांचे आणि शंभर मतिमंद मुलांचे जन्मतपशील गोळा केले. त्यांवरून दोनशे कुंडल्या तयार झाल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस द्यायच्या आणि कुठली कुंडली कुठल्या गटातल्या मुलाची एवढंच त्याने सांगायचं. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागवल्या, सत्तावीस जणांची उत्तरं परत आली. चाळीसपैकी २८ बरोबर आल्या तर त्यामागे काही कौशल्य आहे असं संख्याशास्त्र मानणार होतं. सर्वांत जास्त गुण मिळाले २४, तेही एकालाच. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी एवढी आली असती. २००९ साली हे सगळं ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांच्या खगोलशास्त्रातल्या कामापुढे ही चाचणी लहान दिसेल, पण ज्या सभ्यपणे ती मांडली गेली तो मला फार मोलाचा वाटतो. यात ज्योतिषांची टिंगल नव्हती. तुमचा दावा काय आणि तो आपण मिळून कसा तपासायचा, एवढंच विचारलं होतं. अशी तपासणी पत्रिका कागदावर असते म्हणूनच होऊ शकली. पत्रिका तीत नापास झाली, हे मला मान्य आहे.

नापास झाल्यावर मात्र ज्योतिषाच्या वर्तुळात नेहमीचा एक युक्तिवाद पुढे येतो. नुसत्या कुंडलीवरून सगळं कळत नसतं, त्याला अंतःस्फूर्ती लागते, उपासनेचं बळ लागतं, वाचासिद्धी लागते. इथे माझी हरकत आहे. जो स्फूर्तीने सांगतो त्याला पंचांग कशाला, अयनांशाचा वाद कशाला, जन्मवेळेची उलटतपासणी कशाला? गणिताने साथ सोडली की वराहमिहिराची रेषा ओलांडून पलीकडे जायचं आणि पाटी मात्र शास्त्राची ठेवायची, हे त्या शास्त्राशीही इमान राखणं नव्हे.

रेषेपलीकडचं जग मी लहानपणापासून पाहत आलो. मंगळवार किंवा शुक्रवार, नाहीतर अमावास्या. शेणाने सारवलेली जमीन, धुपाचा धूर, हळदकुंकवाने भरलेला पाट, समोर लिंबं आणि अंगाऱ्याची वाटी. ज्या बाईच्या अंगात येतं तिला ‘झाड’ म्हणतात. आधी जांभया येतात, मग मान फिरू लागते, केस सुटतात आणि आवाज बदलतो. “लेकरा, लई दिसांनी आलास. घरात पोटाचं दुखणं हाय ना कुणाला?” दहा माणसांच्या घरात कुणाचं ना कुणाचं पोट दुखत असतंच. येणाऱ्याचे डोळे भरतात, तोच पुढचं बोलून जातो, आणि बाकीचं त्याच्या बोलण्यातूनच उमगत जातं.

या किमयेचं मोजमापही झालेलं आहे. बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एकच स्वभाववर्णन वाटलं. मजकूर बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. वर्णन आपल्याला किती लागू पडतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

तरी त्या झाडाला मी सरसकट लबाड म्हणणार नाही. जिला घरात कुणी ‘बस’ म्हणत नाही, तिच्यापुढे आठवड्यातून एकदा सासरा आणि दीर हात जोडून बसतात. त्या वेळचं तिचं बोलणं पुष्कळदा तिचं स्वतःचंच दुःख असतं. शिवाय देवाला विचारणं म्हटलं की सगळं एकच, असंही नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळात कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला फुलं-पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारला जातो आणि उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडतं. हातघाईवर आलेला जमिनीचा तंटा कौलावर मिटतो, हा तिकडचा अनुभव आहे. भय तिथे असतं जिथे बंद खोलीत कुणाचं तरी नाव घेतलं जातं. “तुझ्या घराच्या उगवतीला राहणाऱ्या बाईनं केलंय.” एवढ्या एका वाक्यावर गावात विधवेचं जगणं मुश्कील होतं. कुणी करणी केली असं सांगणं हा २०१३ च्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो तसा असायलाच हवा.

शहरी मंडळींना हे गावठी वाटत असेल, तर त्यांनी गिरगाव आठवावं. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले ते गिरगावातच राहिले. ब्लाव्हॅट्स्कींचे गुरू मानल्या गेलेल्या ‘महात्म्यां’ची पत्रं हवेतून पडतात याची तेव्हा सुशिक्षितांत चर्चा होती. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने १८८५ साली तो सगळा बनाव असल्याचा निष्कर्ष काढला. अमेरिकेत मिस क्लिओ या नावाने चाललेल्या फोनसेवेत अतींद्रिय सल्ला मिनिटाला ४.९९ डॉलर दराने विकला जाई. २००२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना त्या कंपन्यांना ग्राहकांची ५० कोटी डॉलरची बिलं सोडून द्यावी लागली. मिनिटाचा तोच हिशेब आता आपल्या मोबाइलवर आला आहे. एकाच पडद्यावर वैदिक ज्योतिष, टॅरो आणि सायकिक रीडिंग शेजारी शेजारी असतात, आणि न्यू जर्सीतला मराठी इंजिनिअर ग्रीन कार्ड कधी मिळेल हे तिथे रात्री विचारत असतो.

या सरमिसळीत कायद्याची सवलत कुणाला मिळते? सल्ला देणाऱ्या ज्योतिषाला. ती राहू द्यावी. लोकांना कुणाशी तरी बोलायचं असतं, आणि ‘गुरू बदलला की बरे दिवस येतील’ या वाक्याने कुणाचं घर बुडत नाही. पण ‘कालसर्प आहे, शांत केली नाही तर मुलाच्या जिवावर बेतेल’ हा सल्ला नव्हे. आज सांगतात तसा कालसर्प योग वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त नाहीही. शक्ती संचारलेल्या माणसाने हीच धमकी दिली तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. ज्योतिषी म्हणतो, मी कुठे म्हणालो, पत्रिका म्हणतेय. आणि तो सुटतो. जिवाची भीती घालून विधी गळ्यात मारणाऱ्याला, तो कुंडली समोर ठेवून बोलला तरी, ही सवलत मिळू नये, एवढं एक वाक्य त्या कायद्यात यायला हवं. पुराव्याची अडचण पूर्वी असेल. हल्ली शांतीची तारीख, दक्षिणा, सामग्रीची यादी आणि ‘टाळलंत तर जबाबदारी तुमची’ हे सगळं व्हॉट्सॲपवर लेखी येतं. तक्रार नोंदवून घेणाऱ्या पोलीस निरीक्षकाला तेवढा मजकूर पुरायला हरकत नाही.