एका ग्रॅमचा भार

नंदगडच्या वाटेवर बैलगाडीचे चाक किंचित लंगडे झाले, तरी बैल गाडी घरी आणतात. जेट इंजिनातील टर्बाइनच्या चक्राला ही सवलत नाही. मिनिटाला 10,000 फेऱ्या घेणाऱ्या चक्रावर, आसापासून 30 सेंटिमीटरवर 1 ग्रॅम वस्तुमान जादा असेल, तर ते सुमारे 33 किलो भाराएवढी ओढ निर्माण करते. ही ओढ चक्राबरोबर फिरत राहते. तिने बेअरिंगे झिजतात, पाती तडकतात.

बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये नॅट आणि मरुत विमानांसाठी ऑर्फियस इंजिने बनत. नॅटला इंजिन एकच. ते बंद पडले की वैमानिकाला दुसरा आधार नाही.

अशा जुन्या इंजिनांच्या जुळणीत प्रत्येक पाते तोलले जाते. मात्र नुसते वजन पुरत नाही. ते आसापासून किती अंतरावर एकवटले आहे, हेही मोजावे लागते. वजन आणि अंतर यांचा गुणाकार ज्यांचा सारखा, ती पाती समोरासमोर बसवतात. पात्यांची दातेरी मुळे चक्राच्या खाचांत सरकवून अडकवली जातात. नंतर चक्र संतुलनयंत्रावर फिरवून, कंपनांवरून जड बाजू शोधतात आणि नेमून दिलेल्या जागीच धातू घासतात. दुरुस्तीत एक पाते बदलले, तरी हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

वैमानिकाने तो कारागीर बहुधा पाहिलेलाही नसतो. त्याच्या नोंदवहीतील आकड्यांच्या भरवशावरच तो आकाशात झेपावतो.