पाच लाख शेअरांची नोंदवही

रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा ती सरकारी मालकीची नव्हती. तिचे पाच कोटींचे भागभांडवल शंभर रुपयांच्या पाच लाख शेअरांत विभागलेले होते आणि जवळजवळ सगळे शेअर खासगी भागधारकांकडे होते. सरकारकडे होते ते केवळ २ लाख २० हजार रुपयांचे. संचालकांना पात्रतेपुरते शेअर दर्शनी किमतीला देता यावेत, म्हणून तेवढे राखून ठेवले होते.

ही रचना सहज ठरली नाही. हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. पुढच्याच वर्षी आलेले विधेयक ‘बँक सरकारची की भागधारकांची’ या वादात सापडले आणि १९२८ मध्ये बारगळले. सरकारचे वित्त सदस्य सर जॉर्ज शुस्टर यांनी १९३३ मध्ये नवे विधेयक मांडले, त्यातून १९३४ चा कायदा झाला. बँक भागधारकांची झाली, पण ती मूठभरांच्या हाती जाऊ नये याचा बंदोबस्त कायद्यातच केला गेला.

त्यासाठी भागधारकांच्या पाच नोंदवह्या, म्हणजे रजिस्टरे, ठरवून दिली होती. कलकत्त्याला १ कोटी ४५ लाख, मुंबईला १ कोटी ४० लाख, दिल्लीला १ कोटी १५ लाख, मद्रासला ७० लाख आणि रंगूनला ३० लाख रुपयांचे शेअर वाटून दिले गेले. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड मुंबईच्या रजिस्टरात येत. म्हणजे नागपूरचा वकील आणि पुण्याचा पेन्शनर एकाच वहीत. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या कारभाराखाली होता, म्हणून रंगून. व्यक्तींखेरीज हिंदुस्थानी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्या, सहकारी संस्था आणि शेड्यूल्ड बँका यांनाही शेअर घेता येत.

वाटपाचा नियम लहान माणसाच्या बाजूचा होता. पाच किंवा अधिक शेअर मागणाऱ्या प्रत्येक पात्र अर्जदाराला आधी पाचच द्यायचे, आणि तेवढेही पुरले नाहीत तर चिठ्ठ्या टाकायच्या. मतदानातही तेच धोरण होते. पाच शेअरांना एक मत, पण कितीही शेअर असले तरी दहाच्या वर मते नाहीत. शिवाय निवडणुकीआधी निदान सहा महिने नाव रजिस्टरात असावे लागे, त्यामुळे ऐन वेळी शेअर उचलून मते गोळा करण्याची वाट बंद झाली. भागधारक आपल्या विभागाच्या स्थानिक मंडळावर पाच सभासद निवडत आणि ते सभासद केंद्रीय मंडळावर संचालक धाडत. मुंबई, कलकत्ता आणि दिल्लीचे दोन-दोन, मद्रास आणि रंगूनचा एकेक. लोकशाहीची ही मांडणी मोठ्या विचाराने केलेली होती.

सुरुवातीला भागधारक नव्वद हजारांहून अधिक होते, म्हणजे माणशी सरासरी पाच-साडेपाच शेअर. मात्र कायद्याने वाटप बांधले होते, पुढची खरेदी-विक्री नव्हे. पाच शेअरवाल्याने पाचशे रुपये गुंतवले होते. साडेतीन टक्के लाभांशाने त्याच्या हाती वर्षाला १७ रुपये ८ आणे पडत. लाभांशाला कायद्याचा लगाम होता आणि उरलेला नफा सरकारजमा होई. अशा शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या वर गेला की किरकोळ धारकाला तो विकून टाकणे परवडे. घेणारे मोठे गुंतवणूकदार बहुतेक मुंबईच्या शेअरबाजारात होते. वर्षागणिक भागधारकांची संख्या घटत गेली आणि शेअर इतर रजिस्टरांतून मुंबईच्या वहीत सरकत गेले. या आकड्यांचे खरे मोल इथे आहे: देशातला बचतीचा पैसा कोठून निघून कोठे साठत होता, हे त्यांतून उघड दिसते. अखेर १९४० मध्ये कायदा दुरुस्त करून एका नावावर वीस हजार रुपयांपेक्षा, म्हणजे दोनशे शेअरांपेक्षा, अधिक नवी नोंद होऊ नये अशी मर्यादा घालावी लागली. तोवर बरेच शेअर सरकून गेले होते.

पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे. १९४३ मध्ये ते पदावर आले आणि भागधारकांची बँक राष्ट्राच्या मालकीची झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. १९४८ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९४९ रोजी सगळे शेअर केंद्र सरकारकडे गेले. मोबदला शेअरमागे ११८ रुपये १० आणे ठरला. मार्च १९४७ ते फेब्रुवारी १९४८ या काळातल्या बाजारभावांची सरासरी त्यासाठी धरली होती. पाचही लाख शेअरांचा हिशेब केला तर ही रक्कम ५ कोटी ९३ लाख १२ हजार ५०० रुपये होते. ती मुख्यतः तीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांत देण्यात आली, शंभराच्या आतली बाकी रोख. पाच शेअरवाल्याच्या वाट्याला ५९३ रुपये २ आणे आले: पाचशेचे रोखे आणि ९३ रुपये २ आणे हातात. रोख्यांवर वर्षाला १५ रुपये व्याज, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या लाभांशापेक्षा अडीच रुपये कमी.

रजिस्टरांतली भागधारकांची नावे त्या दिवशी निकालात निघाली. बँकेचे भरणा झालेले भांडवल मात्र आजही पाच कोटी रुपयेच आहे आणि त्याचा धारक एकच, केंद्र सरकार.