दोनशे मेगाबाइटांची वेस

संगणकावरचा खेळ रचणे हे एक काम आणि तो रचलेला खेळ खेळणाऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचवणे हे दुसरे. आणि ज्यांच्या पाठीशी कंपनी नाही, वितरक नाही, पगारी मदतनीस नाही, अशा एकट्यादुकट्या खेळकर्त्यांच्या नशिबी ही दोन्ही कामे एकाच टेबलावर येतात. अशा स्वतंत्र खेळांची बहुपरिचित पेठ म्हणजे इच डॉट आयओ. 2013 साली लीफ कॉर्कोरन ह्यांनी सुरू केलेल्या ह्या पेठेत कोणालाही दुकान मांडण्याची मुभा आहे, प्रवेशशुल्क नाही, आणि विक्रीतला किती हिस्सा पेठेला द्यावा हेदेखील विक्रेत्यानेच ठरवावयाचे असते. एवढे औदार्य असले तरी मालाच्या आकारमानाचे नियम मात्र काटेकोर आहेत. संकेतस्थळावरून अपलोड करावयाची कोणतीही एक फाइल सामान्यतः 1 गिगाबाइटच्या आत हवी. आणि जो खेळ उतरवून न घेता थेट ब्राउझरमध्येच खेळावयाचा असेल, त्याची झिप सोडवल्यानंतर एकूण भार 500 मेगाबाइट, आतील फायलींची संख्या 1,000 आणि कोणत्याही एका फाइलीचा भार 200 मेगाबाइट, ह्यांपैकी एकही मर्यादा ओलांडलेली चालत नाही.

ह्या तीन कलमांपैकी कोणते कोणाला आडवे येईल, हे ज्याच्या त्याच्या इंजिनावर ठरते. आरपीजी मेकरसारख्या साधनाने केलेल्या खेळात प्रत्येक चित्र आणि प्रत्येक आवाज सुटा राहतो, म्हणून तेथे हजार फायलींचे कलम आधी भोवते. गोडो नावाच्या मुक्त इंजिनाची रीत उलटी. ते सारा ऐवज .pck ह्या एकाच फाइलीत बांधते. त्यामुळे पाचशेची सवलत कागदावरच राहते आणि खरी वेस दोनशेचीच ठरते.

माझा भाचा कोकणातल्या एका तरीवरचा खेळ गोडोमध्ये करीत होता. खाडी, पाऊस, उतारू आणि वल्ही, एवढाच संसार. आणि तरीही अपलोडच्या वेळी तो वैतागून म्हणाला, "मामा, पीसीके 213 मेगाबाइटची झाली. आता चित्रं बारीक करतो." चित्रे डोळ्यांना दिसतात, म्हणून संशयही प्रथम त्यांच्यावरच जातो. मी इतकेच सुचवले की, कात्री उचलण्यापूर्वी खतावणी मांडावी. मग त्याने प्रकल्पातील इम्पोर्ट झालेल्या फायली भाराच्या उतरत्या क्रमाने लावल्या, आणि पडद्यावर वरच्या आठही ओळी पार्श्वसंगीताच्या निघाल्या. पहिले चित्र त्यांच्या खाली, बऱ्याच अंतराने, आले.

ह्याचे गणित सरळ आहे. असंक्षिप्त वेव्ह फाइलीत सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटांचा, आणि डावाउजवा असे दोन प्रवाह. म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट आणि मिनिटाला साडेदहा मेगाबाइटांहून थोडे अधिक. दोन दोन मिनिटांच्या आठ सुरावटी धरल्या की 169 मेगाबाइट तेथेच खर्ची पडले. इम्पोर्ट करतानाचा संक्षेपाचा पर्याय त्याच्या प्रकल्पात बंद होता, आणि संगीतकार मित्राने पाठवलेला मूळ ऐवज जसाच्या तसा खेळात जाऊन बसला होता. तेच संगीत ऑग व्हॉर्बिसमध्ये सेकंदाला 128 किलोबिट ह्या दराने बांधले की मिनिटाचा भार एका मेगाबाइटाच्या आसपास येतो. एमपी3 ह्याच तोडीचे, परंतु त्याच्या आरंभी आणि अखेरीस शांततेचा एक तुकडा चिकटतो, आणि पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सुरावटीत तो प्रत्येक फेऱ्याला कानाला ठेच देतो. वल्ह्याचा छपका, घंटेचा टोला असे क्षणमात्र आवाज त्याने वेव्हमध्येच राहू दिले, आणि ते योग्यच झाले. त्यांचा भार नगण्य, आणि ते वाजवताना संगणकाला उलगडण्याचे कष्टही पडत नाहीत. पावसाचा दीर्घ आवाज तेवढा दोन प्रवाहांवरून एकावर आणला.

झिप अधिक घट्ट करून निभावेल अशी एक भाबडी आशा असते. ती फोल आहे, कारण मोजणी होते ती गाठोडे सोडल्यानंतर.

संगीत उरकल्यावर पीसीके साठ मेगाबाइटांवर आली, आणि मग दुसरी गोष्ट उघडकीस आली. गोडोच्या एक्सपोर्टचा मूळ पर्याय 'प्रकल्पातील सर्व संसाधने' असा असतो. खेळात कधीच न आलेली कच्ची रेखाचित्रे, टाकून दिलेला एक पूल, वापरात नसलेल्या होडीचे सात रंग, हा सारा अडगळीचा माल खेळाबरोबर रवाना होत होता. निवडक दृश्ये आणि त्यांवर अवलंबून असलेला ऐवज तेवढाच पाठवण्याचा पर्याय आहे खरा, परंतु जे दृश्य वा चित्र कोडमध्ये केवळ मार्गाच्या अक्षरांनी मागवलेले असते त्याचा मागमूस इंजिनाला लागत नाही, आणि खेळ नेमका त्या ठिकाणी अडखळतो. म्हणून भाच्याने अडगळ वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली आणि त्यात .gdignore ह्या नावाची एक रिकामी फाइल ठेवली. ती दिसली की गोडो त्या फोल्डरकडे ढुंकूनही पाहत नाही. भार चाळिशीत आला.

एवढ्यावर थांबावे, असे माझे मत होते. तरुणांना मात्र काटकसरीची नशा चढते. 2004 साली जर्मन मंडळींनी .kkrieger हा त्रिमिती खेळ 96 किलोबाइटांत बसवला, आणि 2012 पासून भरणाऱ्या जेएस13के स्पर्धेत तर 13 किलोबाइटांचीच मुभा असते, हे ऐकून भाच्याने इंजिनच स्वतः बांधून त्यातले अनावश्यक भाग गाळावयाचे ठरवले. गाळावयाच्या यादीत प्रगत मजकूर-व्यवस्थेचा भाग होता. तो काढला की इंजिन हलके होते खरे. परंतु देवनागरीची जोडाक्षरे जुळवणे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणे हे काम त्याच भागाकडे असते. नावाड्याचे संवाद मराठीत असल्यामुळे तो बेत तेथेच बाद झाला. उलट ब्राउझरमध्ये खेळणाऱ्याच्या यंत्रातले फॉण्ट गोडोला लाभत नाहीत, म्हणून देवनागरी फॉण्ट स्वखर्चाने बरोबर न्यावा लागला. ती भर मी आनंदाने मंजूर केली.

नियमात बसणे आणि खेळणाऱ्याला परवडणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. गोडोचा वेबखेळ सर्वसाधारणपणे इंजिन आणि पीसीके पूर्ण उतरल्याखेरीज पहिले दृश्य दाखवत नाही. 199 मेगाबाइटांची फाइल पेठेला चालते, पण दिवसाला दीड गिगाबाइटांच्या पॅकवर जगणारा मनुष्य ती उतरत असल्याची पट्टी भरत येईपर्यंत बहुधा दुसरीकडे गेलेला असतो.

डेस्कटॉपवरच्या आवृत्त्या भाच्याने पेठेच्याच बटलर ह्या कमांडलाइन साधनाने पाठवल्या. ते जुन्या आणि नव्या आवृत्तीची तुकड्यातुकड्याने रुजुवात घालते आणि फरक तेवढाच वर पाठवते. घरगुती इंटरनेटचा अपलोडचा वेग डाउनलोडहून अनेकदा कमी असतो, तेथे ही सोय मोलाची.

जो कोणी हा उद्योग करील त्याने एवढे अवश्य करावे: ऑग फायली तयार झाल्या म्हणून मूळ वेव्ह पुसून टाकू नयेत. संक्षेपात गेलेला आवाज परत मिळत नाही, आणि ऑगवरून पुन्हा ऑग केली की प्रत आणखी खालावते. मूळ ऐवज प्रकल्पाच्या बाहेर, दुसऱ्या डिस्कवर, तारखेनिशी ठेवावा.